सिरॅमिक कोळशाच्या ग्रिलसाठी लाकडी टेबल: आधी ग्रिल मोजा, मग लाकूड कापा

अंड्याच्या आकाराचं सिरॅमिक ग्रिल, म्हणजे कामाडो, टेबलात बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी छान टेबल काढतात आणि मग त्यात गोल भोक कुठे पाडायचं ते बघतात. काम तिथेच फसतं. इथे टेबल ग्रिलभोवती उभं राहतं, त्यामुळे ग्रिलचा तळ किती उंचीवर येणार हे सर्वांत आधी ठरवायचं. त्यावरून खालचा कप्पा, चौकट आणि चाकं ठरतात. टॉप, म्हणजे वरचा दिसणारा भाग, अगदी शेवटी.

वजनाचा अंदाज आधी घ्या. बिग ग्रीन एगचं लार्ज मॉडेल, म्हणजे साधारण 46 सेमी व्यासाची जाळी असलेलं, सुमारे 73 किलोचं आहे. त्याच कंपनीचं एक्सएल सुमारे 99 किलो. त्यात खालची काँक्रीटची फरशी आणि कोळसा धरला की लार्जसाठी 100 ते 105 किलो होतात, आणि तेही टेबलाच्या एकाच बाजूला. नेहमीच्या बागेतल्या टेबलाचे आराखडे या कामाला चालत नाहीत ते त्यामुळेच.

चार मापं

पहिलं माप: ग्रिलच्या तळापासून धातूच्या पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. झाकण आणि खालचं भांडं जिथे मिळतात तिथे हा पट्टा असतो. टॉप त्याच्या 25 ते 30 मिमी खाली राहायला हवा. पट्ट्याचे बोल्ट अधूनमधून आवळावे लागतात. टॉप त्याला भिडलेला असेल तर पाना फिरत नाही.

दुसरं: टॉप ज्या पातळीवर येणार त्या पातळीवर भांड्याचा घेर. भांडं खाली निमुळतं होत जातं, म्हणून पट्ट्यापाशी मोजून चालत नाही. शिंप्याची टेप गुंडाळायची आणि आलेल्या आकड्याला 3.14 ने भागायचं. घेर 1540 मिमी असेल तर व्यास 490 मिमी. चारही बाजूंनी 20 मिमी मोकळी जागा धरली की भोक 530 मिमीचं.

तिसरं: मागची बिजागरी पट्ट्याच्या किती खाली उतरते. काही मॉडेलांमध्ये ती बरीच खाली येते, मग भोकाच्या मागच्या कडेला छोटी खाच ठेवावी लागते. झाकण पूर्ण उघडून ते मागे किती जातं तेही बघा, नाहीतर भिंतीला लावलेल्या टेबलावर झाकण अर्धंच उघडेल.

चौथं: खालच्या हवेच्या दाराची पातळी. राख तिथूनच ओढायची असते, म्हणून दारासमोर आडवी पट्टी येता कामा नये. दारापुढे राख ओढायच्या काठीइतकी तरी मोकळी जागा पाहिजे.

आता उंचीचा हिशेब एका उदाहरणाने करू. तळापासून पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत 400 मिमी आहेत असं धरा. टॉपची वरची पातळी जमिनीपासून 820 मिमी हवी आहे आणि पट्टा तिच्या 30 मिमी वर. म्हणजे पट्ट्याची खालची कड 850 वर आणि ग्रिलचा तळ 450 वर. तळाखाली 40 मिमीचे सिरॅमिकचे ठोकळे, त्याखाली 50 मिमीची काँक्रीटची फरशी, तिच्याखाली 12 मिमीचा सिमेंट बोर्ड. हे सगळं वजा केलं की कप्प्याच्या लाकडाची वरची पातळी 348 मिमीवर येते. ठोकळ्यांची उंची हिशेबात धरायची राहून जाते, ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक. मग ग्रिल 40 मिमी वर बसतं आणि टॉपच्या भोकाभोवती दुप्पट रुंद फट दिसते, कारण भांडं तिथे अरुंद असतं.

820 हा आकडा काही पवित्र नाही. ग्रिलचं तोंड साधारण 90 ते 92 सेमीवर आलं की बहुतेकांना जाळीवर वाकावं लागत नाही. तुमच्या कोपरापासून 10 ते 15 सेमी खाली जाळी आली पाहिजे, त्यावरून आकडा हलवा.

लाकूड, आणि ते किती

सागवान उत्तम, सीडार चालतो, कडक लाकडांपैकी बाहेर टिकणारं कुठलंही चालेल. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेला पाइन चौकटीला वापरला तर हरकत नाही, पण ग्रिलजवळच्या भागात आणि अन्न ठेवायच्या टॉपवर मी तो वापरणार नाही. प्लायवुड बाहेर कितीही रंगवलं तरी कापलेल्या कडेतून पाणी पितं, आणि इथे तर मधोमध गोल कापलेली कड आहे.

खालची मापं 1500 × 750 मिमीच्या टॉपसाठी आहेत. चौकट 1400 × 680, म्हणजे टॉप लांबीत 50 आणि रुंदीत 35 मिमी बाहेर येतो. ग्रिल डाव्या हाताला, त्याचा मध्य टॉपच्या डाव्या कडेपासून 425 मिमीवर.

पाय: 90 × 90 × 630 मिमी, 4 नग
लांब पट्ट्या: 90 × 45 × 1250, 4 नग (वर 2, खाली 2)
आडव्या पट्ट्या: 90 × 45 × 530, 4 नग
तुळया: 90 × 45 × 614, 6 नग (कप्प्याखाली 3, टॉपखाली 3)
टॉपच्या फळ्या: 120 × 35 × 1500, 6 नग
कप्प्याच्या पट्ट्या: 22 मिमी जाडीच्या, 1400 × 680 भरेल इतक्या, मध्ये 8 मिमी फट

पायाची लांबी अशी निघाली: 820 मधून टॉपचे 35 आणि चाकाची पूर्ण उंची 155 वजा केली. 125 मिमी व्यासाच्या चाकाची कवचासह उंची साधारण तेवढी भरते, पण चाकं हातात आल्याशिवाय पाय कापू नका. कॅटलॉगमधलं माप आणि प्रत्यक्षातलं माप यात 5 मिमीचा फरक सहज निघतो.

पट्ट्यांची जाडी कमी करायचा मोह होतो, पण उभी उंची 90 मिमीच ठेवा. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाने बदलतो. 45 × 90 च्या पट्टीची उंची निम्मी केली तर ती आठपट वाकते. 60 किलो भाराखाली 90 मिमी उंचीची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर झुकेल, तीच 45 मिमीची केली तर सात-आठ मिलिमीटर. कप्पा तेवढा झुकला की ग्रिल तिरकं होतं आणि भोकाच्या कडेला टेकतं.

चौकट: भार स्क्रूवर टाकायचा नाही

पायात 15 मिमी खोल खाचा करायच्या आणि पट्ट्यांची टोकं त्यात बसवायची. वजन खाचेच्या तळावर येतं, बोल्ट फक्त सांधा घट्ट धरतो. नुसते स्क्रू मारून पट्टी पायाला लावली तर सगळा भार स्क्रूच्या कण्यावर येतो, शिवाय ते पट्टीच्या टोकाच्या उघड्या रेषांमध्ये शिरलेले असतात, जिथे पकड मुळातच कमी. दोन पावसाळ्यांत सांधा हलायला लागतो.

पलंगाच्या बाजूपट्ट्यांना आडवा गोल नट आणि लांब बोल्ट असतो, तोच इथे वापरा. एम 8 × 140 मिमीचे 32 बोल्ट आणि तेवढेच नट. पायाच्या बाहेरच्या बाजूला 10 मिमी खोल घर करून बोल्टचं डोकं आणि वॉशर आत घ्यायचा. पट्टीच्या टोकापासून 65 मिमीवर नटाचं भोक, आणि टोकातून बोल्टचं भोक 80 मिमी खोल.

एक गोष्ट आधी आखून घ्या. लांब पट्टीचा बोल्ट आणि आडव्या पट्टीचा बोल्ट पायाच्या आत एकमेकांना छेदतात. दोन्ही एकाच उंचीवर पाडले तर दुसरा बोल्ट पहिल्यावर आपटतो, आणि हे ड्रिल आत गेल्यावरच कळतं. पट्टीच्या वरच्या कडेपासून लांब पट्टीला 18 आणि 54 मिमीवर, आडवीला 36 आणि 72 मिमीवर भोकं घेतली की प्रश्न मिटतो.

तुळया लांब पट्ट्यांमध्ये 12 मिमी खोल खाचेत बसतात. ही खाच आरपार खाली नेऊ नका. खालचे 15 मिमी तसेच ठेवले की तुळईला बसायला ओठ मिळतो. तुळईच्या टोकाला खालून तेवढाच भाग पटाशीने काढायचा. कप्प्याच्या तीन तुळया टॉपच्या डाव्या कडेपासून 275, 425 आणि 575 मिमीवर येतील, म्हणजे 400 मिमीची फरशी बरोबर तिन्हींवर बसते. टॉपखालच्या तीनपैकी एक डाव्या आडव्या पट्टीला लागून, दुसरी भोकाच्या उजवीकडे (700 ते 745 मिमी) आणि तिसरी उरलेल्या भागाच्या मध्यावर. पहिल्या दोन फार महत्त्वाच्या आहेत. भोकामुळे मधल्या फळ्या तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांना टेकायला दुसरं काही नसतं.

चौकट उभी केल्यावर दोन्ही कर्ण मोजा. फरक 2 मिमीच्या आत पाहिजे. गुण्या प्रत्येक कोपऱ्याला लावून सगळं बरोबर दिसतं आणि तरीही कर्ण 6 मिमीने चुकलेला असतो.

बोल्ट, स्क्रू, वॉशर सगळे स्टेनलेस स्टीलचे. 304 प्रत पुरते, खाऱ्या हवेत 316 घ्या. साधं लोखंड सागवान किंवा सीडारमधल्या टॅनिनशी लागलं की काळे ओघळ उतरतात, ते पॉलिश पेपरने घासूनही जात नाहीत. स्टेनलेस स्क्रू मऊ असतो, कडक लाकडात आधी भोक न पाडता मारला तर डोकं तुटून हातात येतं.

लोखंडी चौकट करायची असेल तर 40 × 40 × 2 मिमीची चौकोनी नळी पुरेशी आहे. टोकं बंद करा आणि खालच्या पट्ट्यांना तळाला 6 मिमीची भोकं ठेवा. नळीत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नसेल तर ती आतून गंजते.

चाकं

चारही पायांवर सारखं वजन येतं असं धरून हिशेब करणं चूक आहे. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतं, म्हणून एकूण वजनाला तीनने भागायचं हा रूढ नियम. इथे तोही पुरत नाही. लाकूड सुमारे 75 किलो, ग्रिल 75, फरशी 20, कोळसा आणि सामान 10, असे 180 किलो. तीनने भागलं तर 60. पण ग्रिल डाव्या चाकांच्या बरंच जवळ आहे, त्यामुळे त्याच्या भाराचा तीन चतुर्थांश हिस्सा डाव्या जोडीवर येतो. टेबलाचं निम्मं वजन मिळवलं की त्या जोडीवर 115 ते 120 किलो होतात. त्यातलं एक चाक खड्ड्यावर आलं की सगळं दुसऱ्यावर. डाव्या बाजूची चाकं प्रत्येकी 150 किलोची घ्या, उजवीकडे 100 किलोची पुरतील. किंवा चारही 150 ची घ्या आणि विसरून जा.

व्यास 125 मिमीपेक्षा कमी नको. 75 मिमीचं चाक फरशीच्या सांध्यातही अडकतं, आणि ढकलणाऱ्याचा जोर वर लागत असतो, म्हणजे टेबल कलंडायला निमित्त. पॉलियुरेथेनचं चाक बरं, उन्हात साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं. डावी दोन स्थिर आणि उजवी दोन फिरती ब्रेकसह, अशी रचना मला सर्वांत आवडते: भार सरळ रेषेत चालतो आणि वळण हलक्या बाजूने घेता येतं. ब्रेक असा हवा जो चाकही धरतो आणि त्याचं फिरणंही.

पाय 90 मिमीचा आणि चाकाची पत्र्याची बैठक बहुधा त्याहून मोठी, म्हणून एम 12 आट्याचं चाक घ्या आणि पायाच्या टोकात स्टीलची आटेदार बुशिंग इपॉक्सीने बसवा. पायाच्या तळाला इपॉक्सीचा हात फिरवून तो बंदही करून टाका, लाकूड पाणी ओढतं ते तिथूनच.

टेबल हलवायचंच नसेल तर चाकं लावू नका. समायोजक पाय लावा, स्वस्तात होतं आणि हलत नाही. चाकं असली तरी पेटलेलं ग्रिल हलवायचं नाही, यात कुठलीही सूट नाही.

ग्रिलच्या तळाखाली काय

सिरॅमिक उष्णता छान अडवतं म्हणून तळ थेट लाकडावर ठेवायला हरकत नाही, असं वाटू शकतं. तळ सुरुवातीला खरोखरच कोमट असतो. पण मंद आचेवर दहा-बारा तास चाललेल्या स्वयंपाकात उष्णता हळूहळू खाली उतरते. लाकूड एकदम पेटायला 250 अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं, हे खरं. पण दीर्घकाळ शंभरच्या आसपास तापत राहिलं तर ते कोरडं पडत, करपत जातं आणि पुढे बरंच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. शिवाय खालच्या दारातून निखाऱ्याचे कण बाहेर पडतात, ते वेगळंच.

म्हणून थर असे: लाकडी पट्ट्या, त्यावर 12 मिमी सिमेंट बोर्ड, त्यावर 400 × 400 × 50 मिमीची काँक्रीटची भरीव फरशी (वजन सुमारे 19 किलो), त्यावर तीन सिरॅमिक ठोकळे किंवा कंपनीचं धातूचं तिकाटणं, मग ग्रिल. खरं काम करते ती ठोकळ्यांमुळे मिळणारी हवेची फट. हवा खेळती राहिली तर फरशी फारशी तापतच नाही, म्हणून ठोकळे काढून ग्रिल थेट फरशीवर बसवून उंची जुळवायचा शॉर्टकट घेऊ नका. तीनच ठोकळे, चार नाहीत: तिन्ही नेहमी टेकतात, चौथा हमखास डुगडुगतो.

दारापुढच्या पट्ट्यांवर 300 मिमी खोलीचा स्टेनलेसचा पत्रा टाका, म्हणजे राख ओढताना पडलेला निखारा लाकडावर पडणार नाही. पत्र्याची बाहेरची कड 5 मिमी वर वळवलेली असावी.

टॉप आणि भोक

सहा फळ्या, प्रत्येकी 120 मिमी, मध्ये 6 मिमी फट: बरोबर 750 मिमी. फळ्या एकमेकींना चिकटवून एकसंध टॉप करू नका. सागवानासारखं तुलनेने शांत लाकूडही त्याच्या आतला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला की 750 मिमी रुंदीत सहा-सात मिलिमीटर फुगतं किंवा आकसतं. एकसंध टॉपमध्ये याचे दोन परिणाम होतात. गोल भोक अंडाकृती होतं, आणि भोकाच्या पुढे-मागे उरलेल्या 110 मिमीच्या अरुंद मानेवर ताण येऊन तिथेच चीर पडते. सुट्या फळ्यांमध्ये प्रत्येक फळी जेमतेम एक मिलिमीटर हलते आणि फट ते गिळून टाकते. पावसाचं पाणीही त्याच फटींतून निघून जातं.

फळ्या वरून स्क्रू मारून नको, खालून लावा. प्रत्येक तुळईपाशी आणि दोन्ही टोकांच्या आडव्या पट्ट्यांपाशी 40 × 40 मिमीचा स्टेनलेस एल-कोन, फळीकडचं भोक लांबट. वरून मारलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यात पाणी साठतं. खालून लावण्याचा मोठा फायदा पुढे ग्रिल बसवताना कळतो: मधली फट बरोबर भोकाच्या मध्यातून जाते, त्यामुळे पुढच्या तीन आणि मागच्या तीन फळ्या असे टॉपचे दोन भाग आपोआप होतात आणि दोन्ही सोडवता येतात.

भोक राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, मध्यावरच्या खिळ्याभोवती फिरवून कापायचं. मात्र त्याच कारणाने हा खिळा रोवायला मध्यावर लाकूडच नसतं. उपाय सोपा आहे. फटींमध्ये 6 मिमीचे तुकडे घाला, सगळ्या फळ्या खालून 12 मिमी प्लायच्या टाकाऊ तुकड्याला स्क्रूने बांधा (स्क्रू भोकाच्या आत येणाऱ्या भागातही हवेत आणि बाहेरही) आणि वरून मध्यावर प्लायचा एक चौकोन लावून त्यात खिळा रोवा. वरचा चौकोन जितका जाड तितकाच ठोकळा राउटरच्या पट्टीखाली दुसऱ्या टोकाला लागेल, नाहीतर कड तिरकी कापली जाईल.

खिळ्यापासून राउटरच्या पात्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत 265 मिमी. आतल्या कडेपर्यंत मोजलं तर भोक पात्याच्या व्यासाच्या दुपटीने मोठं होतं. एका फेरीत 6 ते 7 मिमीच खोल जा. 35 मिमीसाठी पाच-सहा फेऱ्या. घाई केली की पातं लाकूड जाळतं आणि फळीच्या कडेला ढलप्या उडतात. शेवटच्या फेरीत आतले तुकडे सुटे होऊन पात्यात अडकू नयेत म्हणून तर खालचा प्लाय. पातं त्यात 2 मिमी उतरलं तरी बिघडत नाही.

राउटर नसेल तर जिगसॉ, म्हणजे उभ्या पात्याची विजेची करवत, चालतो, पण जाड लाकडात त्याचं पातं खाली वाकतं आणि वरचं-खालचं वर्तुळ जुळत नाही. रेषेच्या 3 मिमी आत कापा आणि उरलेलं रास्प (लाकडाची खरबरीत कानस) व पॉलिश पेपरने काढा. कडेला वर आणि खाली 3 मिमीची गोलाई द्या.

20 मिमीची फट रिकामीच राहू द्या. तिथे उष्णतारोधक दोरी किंवा सिलिकोन भरून पाणी अडवायचा मोह होतो. दोन्हींमुळे फटीतली हवा थांबते, शिवाय टॉप थोडा जरी सरकला तरी त्याचा दाब थेट सिरॅमिकवर येतो. सिरॅमिक सगळीकडून सारखं दाबलं तर काही होत नाही, एका बिंदूवर दाबलं की तडकतं.

ग्रॅनाइटचा टॉप हवा असेल तर 20 मिमी जाडीला चौरस मीटरमागे सुमारे 54 किलो धरा. या मापाला भोक वजा जाता 49 किलो भरतात, लाकडाच्या दुपटीहून जास्त, आणि चाकांचा हिशेब पुन्हा करावा लागतो. भोक पाडलेला अख्खा दगड उचलताना त्या अरुंद मानेवरच तुटतो, म्हणून तोही भोकाच्या मध्यातून दोन तुकड्यांत घ्यावा.

ग्रिल बसवणं

आतली जाळी, विस्तवपेटी, कडं, वरची झडप सगळं काढून बाजूला ठेवा. वजन बरंच कमी होतं. टॉपचे दोन्ही भाग काढलेले असू द्या. दोन रुंद पट्टे तळाखालून अधिक चिन्हासारखे घाला आणि दोघांनी, शक्य असेल तर तिघांनी, उचलून चौकटीत वरून उतरवा. आधी टॉप बसवून मग भोकातून ग्रिल सोडायचा प्रयत्न केला तर 20 मिमीच्या फटीत बोटं मावत नाहीत, आणि शेवटचे काही सेंटिमीटर ग्रिल सोडून द्यावं लागतं. तळ फुटतो तो असाच. उचलताना झाकणाचं हँडल आणि बाजूच्या फळ्या धरायच्या नाहीत. झाकण दोरीने बांधून ठेवा.

ठोकळ्यांवर बसवल्यावर दार पुढे आहे ना ते बघा, तोंडाच्या कडेवर लेव्हल ठेवा, मग टॉपचे दोन भाग दोन्हीकडून सरकवा. फट सगळीकडे सारखी नसेल तर ग्रिल हलवा, टॉप कापू नका.

तेल, आणि पहिला विस्तव

पॉलियुरेथेनसारखी चकचकीत फिल्म ऊन-पावसात सालपटासारखी सुटते आणि ग्रिलजवळ फुगते. मी तेलच लावेन: टंग किंवा उकळलेलं जवस तेल, पातळ तीन हात, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून. फळ्यांच्या टोकांना आणि भोकाच्या गोल कडेला दुप्पट. सुटे भाग जोडायच्या आधी सगळ्या बाजूंना तेल लागलं पाहिजे. खालची बाजू कोरडी ठेवली तर फळी वरच्या बाजूने वाकते. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेटू शकतो. तो पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

तेल पूर्ण वाळल्याशिवाय विस्तव नको. हाताला चिकट लागत असेल तर आणखी थांबा. पहिला विस्तव 180 ते 200 अंशांच्या वर नेऊ नका आणि तो दोन-तीन तास चालू ठेवा. नवीन ग्रिलच्या गॅस्केटच्या, म्हणजे झाकण आणि भांड्यामधल्या मऊ पट्टीच्या, गोंदालाही ते मानवतं. या वेळात इन्फ्रारेड तापमापकाने तीन जागा तपासा: भोकाची कड, फरशीची बाजू, आणि खालून कप्प्याच्या पट्ट्या. भोकाची कड 65 ते 70 अंशांच्या वर गेली तर फट वाढवून 30 मिमी करा. पट्ट्या हाताला गरम लागत असतील तर ठोकळे खरोखर ग्रिलखाली आहेत ना, आणि फरशीभोवती सामान रचून हवा कोंडली गेली नाही ना, ते बघा. कोळशाची पोती त्या कप्प्यात ग्रिलच्या बाजूला ठेवण्याची सवय नको. उजवीकडच्या टोकाला ठेवा आणि तीही ग्रिल थंड असतानाच.

टेबल भिंत, कुंपण, छप्पर यांच्यापासून किती दूर हवं ते ग्रिलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढं अंतर झाकण उघडल्यावरही राहिलं पाहिजे. वरच्या झडपेतून सरळ वर जाणारी हवा अत्यंत गरम असते. बंद गॅरेज किंवा चहूबाजूंनी झाकलेली जागा कोळशाच्या ग्रिलला कधीच चालत नाही, कार्बन मोनॉक्साइडमुळे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांनी सगळे 32 बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड आकसून ते थोडे सैल होतातच. त्याच वेळी ग्रिलच्या पट्ट्याचे बोल्टही बघा. तेलाचा एक हात दरवर्षी, भोकाच्या कडेला वर्षातून दोनदा. आणि कापाकापीतून उरलेले तुकडे ग्रिलमध्ये जाळायचे असतील तर तेल, गोंद किंवा रसायन न लागलेलेच; प्रक्रिया केलेला पाइन आणि प्लाय मुळीच नाही.